माग-संदेश, नोंद 4: कापायची जागा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत काकांचा टॉवेलचा कारखाना आहे, आठ माग. शेडमधल्या रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवरून (पुढे नुसता 'पाय') 'माग 7 थांबला' असा संदेश ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर यावा, एवढंच मला करायचंय. मागच्या नोंदीत कनेक्शन जुळलं होतं, पण खरी परीक्षा या आठवड्यात झाली.

चाचणीसाठी हाच संदेश न थांबता 50 वेळा पाठवला. घरी एकेक करून पाठवताना सगळं सुरळीत चालायचं, इथे मात्र सर्व्हर, म्हणजे ऑफिसात संदेश घेणारा माझा प्रोग्राम, बंद पडला: युनिकोड डीकोड एरर, म्हणजे आलेल्या बाइटांची अक्षरं करता आली नाहीत. दोन रात्री एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरं बाइटांत बदलण्याच्या पद्धतीत, चूक शोधण्यात गेल्या. शेवटी आलेले बाइट स्क्रीनवर छापून मोजले. यूटीएफ-8 या एन्कोडिंगमध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइटचं, काना आणि अनुस्वारही वेगळे धरायचे. 'माग' 9, 'थांबला' 18, दोन स्पेस आणि इंग्रजी आकडा मिळून 3. एकूण 30. मी एका वेळी जास्तीत जास्त 1024 बाइट वाचत होतो. त्यात 34 संदेश बसतात, म्हणजे 1020 बाइट. उरलेल्या चारांत पस्तिसाव्याचा 'म' आणि त्याच्या कान्याचा फक्त पहिला बाइट! तुटका काना पायथन (माझ्या प्रोग्रामची भाषा) वाचणार कसा?

काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "अरे, मागावर टॉवेल सुटा निघतो का? कापड सलग येतं. कापायची जागा आपणच सोडायची असते."

अगदी हेच. टीसीपी (दोन कॉम्प्युटरमधलं कनेक्शन ज्या नियमांनी चालतं ते) बाइट क्रमाने आणून देतं, पण संदेश कुठे संपला हे त्याला ठाऊक नसतं. पाच वेळा सेंड केलं म्हणून पलीकडे पाच तुकडेच मिळतील असं नाही. म्हणून आता प्रत्येक संदेशाआधी 4 बाइटांत त्याची लांबी पाठवतो, नेटवर्क बाइट ऑर्डरने, म्हणजे मोठ्या किमतीचा बाइट आधी. हे 4 बाइटसुद्धा एका दमात येतील असं धरू नका. तेवढे जमेपर्यंत लूपमध्ये वाचा, पूर्ण संदेश हाती आला की मगच डीकोड करा. रिकामं उत्तर आलं तर समोरच्याने कनेक्शन बंद केलंय. पाठवताना सेंडऐवजी सगळे बाइट जाईपर्यंत पाठवत राहणारं सेंडऑल, कारण सेंड अर्धेच बाइट घेऊन परतू शकतं.

सर्व्हर पुन्हा सुरू करताना 'ॲड्रेस वापरात आहे' असं यायचं, ते तोच ॲड्रेस लगेच पुन्हा वापरू देणारा रीयूज-ॲड्रेसचा पर्याय लावून मिटलं.

बुधवारी शेडची लाइट गेली. पाय बंद पडला, ऑफिसचा कॉम्प्युटर यूपीएसवर चालूच. निरोप न घेता गेलेला क्लायंट (सर्व्हरला जोडलेला, इथे पाय) सर्व्हरला कळत नाही, तो वाटच बघत बसतो. लाइट आल्यावर यादीत एकच पाय दोनदा! कीपअलाइव्ह, म्हणजे समोरचा अजून आहे का हे टीसीपीनेच विचारण्याची सोय, चालू केलं तरी लिनक्समध्ये पहिली विचारणा मुळात 7200 सेकंदांनी होते. दोन तास माग बंद राहिलेला कोणत्या कारखान्याला परवडेल? म्हणून पाय आता दर 10 सेकंदांनी छोटा 'आहे' पाठवतो, 30 सेकंद काहीच आलं नाही तर सर्व्हर ते सॉकेट (कनेक्शनचं आपल्याकडचं टोक) बंद करतो. मुद्दाम प्लग काढून सहा वेळा पाहिलं, सहाही वेळा जमलं.

पुढच्या आठवड्यात शेजारच्या शेडमधला दुसरा पाय जोडतोय. प्रत्येकाला वेगळा थ्रेड (प्रोग्राममधलं समांतर चालणारं काम) न देता, कोणत्या कनेक्शनवर काही आलंय ते सांगणारं सिलेक्ट वापरायचा विचार आहे. कुणी केलं असेल तर अर्धवट आलेले बाइट क्लायंटवार कसे साठवले ते जरूर सांगा.