बझर कोणत्या शब्दावर दाबायचा?

अमेरिकेतील माध्यमिक शाळांच्या प्रश्नमंजूषा स्पर्धांविषयी, म्हणजे ‘क्विझ बोल’विषयी, मी काही सांगू लागले की ऐकणाऱ्यांपैकी कोणीतरी हमखास म्हणते, ‘म्हणजे ज्याचे बोट आधी बझरवर पडले, तो जिंकला.’ टीव्हीवरच्या कार्यक्रमांमुळे हा समज रुजला आहे आणि एके काळी तो बराचसा खराही होता. परंतु गेल्या तीनएक दशकांत या खेळातल्या जाणत्यांनी प्रश्न लिहिण्याची रीतच अशी बदलून टाकली की राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या सामन्यांत बोटांच्या चपळाईला आता फारसे मोल उरलेले नाही. अशा स्पर्धांमध्ये अधूनमधून प्रश्नवाचकाचे काम करत असल्याने हे मला अगदी जवळून दिसते.

या खेळाचे मूळ रेडिओत आहे. ‘कॉलेज बोल’ हा विद्यापीठांच्या संघांचा कार्यक्रम १९५३ साली एनबीसी रेडिओवर सुरू झाला आणि १९५९ मध्ये टीव्हीवर आला. शाळांसाठीचा ‘इट्स अकॅडेमिक’ १९६१ पासून वॉशिंग्टनमध्ये सुरू आहे. सर्वांत दीर्घकाळ चाललेला टीव्हीवरील प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम म्हणून त्याची गिनीज बुकात नोंद आहे. प्रत्येकी चार जणांचे संघ, सर्वांना खुला असलेला प्रश्न म्हणजे ‘टॉसअप’ आणि तो जिंकणाऱ्या संघाला मिळणारा जादा प्रश्न म्हणजे ‘बोनस’, हा साचा ‘कॉलेज बोल’ने घालून दिला आणि तो आजही टिकून आहे. मात्र टीव्हीला हवे असतात छोटे, चटपटीत प्रश्न. ‘ग्रहांच्या गतीचे तीन नियम कोणी मांडले?’ असे विचारले, तर दोन्ही संघांतल्या सगळ्यांना उत्तर येते आणि निकाल खरोखरच बोटांवर ठरतो. १९९० च्या दशकात विद्यापीठांतल्या खेळाडूंनी स्वतःच प्रश्न लिहून स्पर्धा भरवायला सुरुवात केली. त्यातून १९९६ मध्ये ‘नॅशनल अकॅडेमिक क्विझ टूर्नामेंट्स’ म्हणजे ‘एनएक्यूटी’ ही संस्था उभी राहिली आणि ‘पेस’ या दुसऱ्या संस्थेने १९९८ पासून शाळांसाठी ‘नॅशनल स्कॉलॅस्टिक चॅम्पियनशिप’ भरवायला सुरुवात केली. या मंडळींनी शाळांच्या स्पर्धांत आणलेली मुख्य गोष्ट म्हणजे पिरॅमिडसारखा रचलेला प्रश्न.

त्याची कल्पना यावी म्हणून त्या धाटणीचा एक टॉसअप मी इथे स्वतः रचून देते:

‘मद्याच्या पिंपांचे घनफळ कसे काढावे याविषयी या शास्त्रज्ञाने १६१५ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. हिमकणाला नेहमी सहाच कोपरे का असतात, याचा विचार करणारी एक पुस्तिका त्याने आपल्या आश्रयदात्याला नववर्षाची भेट म्हणून दिली होती. आईवर चेटकीण असल्याचा खटला भरला गेला, तेव्हा तिच्या बचावासाठी तो स्वतः उभा राहिला. टायको ब्राहेने केलेल्या मंगळाच्या निरीक्षणांवरून त्याने ग्रहाची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याचे दाखवले. दहा गुणांसाठी, ग्रहांच्या गतीचे तीन नियम मांडणाऱ्या या जर्मन खगोलशास्त्रज्ञाचे नाव सांगा.’

उत्तर अर्थातच योहानेस केप्लर. प्रश्न तोच, उत्तरही तेच. पण आता वाचक वाचत असताना कोणत्याही शब्दावर बझर दाबता येतो, आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंतच्या खुणा कठीणकडून सोप्याकडे उतरत जातात. ज्याने कलनशास्त्राचा पूर्वेतिहास वाचला आहे, तो पिंपांवरच थांबवील. ज्याला स्फटिकांच्या रचनेचे कुतूहल आहे, तो हिमकणांवर. विज्ञानात विशेष रस नसला तरी युरोपातल्या चेटकिणींच्या खटल्यांचा इतिहास वाचलेली एखादी मुलगी तिसऱ्या वाक्यावर हे गुण घेऊन जाईल, आणि मला हा प्रकार सर्वांत जास्त आवडतो. कारण चांगला प्रश्नलेखक एकाच उत्तराकडे नेणाऱ्या वाटा वेगवेगळ्या विषयांतून काढतो. पाठ्यपुस्तकापुरते जाणणाऱ्यालाही शेवटच्या ओळीवर संधी असतेच, मात्र तोवर कोणी थांबवले नसेल तर. म्हणजे दोन संघांपैकी ज्याला केप्लर अधिक माहीत आहे त्यालाच बहुतेक वेळा गुण मिळतात, आणि दोघांनाही अगदी सारखेच माहीत असेल तेवढ्यापुरताच बोटांचा प्रश्न उरतो.

इथे एक गोम आहे. खुणेवरून उत्तर सुचणे आणि ते बरोबर असल्याची खात्री वाटणे यांत अंतर असते. हिमकण ऐकून एखाद्याला फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तही आठवू शकतो. त्यानेही हिमकणांच्या आकारांची वर्णने लिहून ठेवली आहेत. एनएक्यूटीच्या नियमांनुसार प्रश्नाच्या सुरुवातीच्या भागात, म्हणजे लेखकाने ठरवून दिलेल्या एका शब्दापर्यंत, बरोबर उत्तर दिल्यास १५ गुण मिळतात. त्याला ‘पॉवर’ म्हणतात. त्यानंतर १० गुण. प्रश्न मध्येच थांबवून चुकलात, तर उणे ५, आणि शिवाय संपूर्ण संघ त्या प्रश्नातून बाद. मग प्रतिस्पर्धी संघ निवांत बसून उरलेला प्रश्न शेवटपर्यंत ऐकतो, कारण त्याला आता कोणाशीच शर्यत करायची नसते. खरे नुकसान त्या पाच गुणांपेक्षा या आयत्या भेटीचेच असते. पेसच्या स्पर्धेत मात्र लवकर दिलेल्या उत्तराला २० गुण आहेत आणि चुकीला गुणांची शिक्षा नाही. मुलांनी न घाबरता खेळावे, हा त्यामागचा विचार. मला स्वतःला उणे पाचची बाजू पटते. ‘मला हे माहीत आहे’ असे म्हणण्याला काही किंमत मोजावी लागली, तरच त्या म्हणण्याला वजन येते.

बोनसबद्दल थोडक्यात सांगते. टॉसअप एकट्याने, कोणाशी न बोलता सोडवायचा. बोनसचे तीन भाग मात्र चौघांनी कुजबुजत, एकमेकांना विचारत सोडवायचे. प्रत्येक भागाला १० गुण असतात, आणि एक भाग सोपा, एक मध्यम व एक कठीण ठेवण्याचा प्रघात आहे. संघाची खोली मोजायची तर जाणकार आधी दर बोनसमागे मिळालेल्या गुणांची सरासरी पाहतात, कारण बोनसवर प्रतिस्पर्ध्याची सावली पडत नाही. दुबळ्या संघांना हरवून जमवलेले विजय या आकड्याला फुगवू शकत नाहीत. तीसपैकी वीसच्या वर सरासरी राखणाऱ्या संघापासून सगळेच सावध असतात.

शाळांची सर्वांत मोठी राष्ट्रीय स्पर्धा एनएक्यूटी भरवते. १९९९ पासूनची ही स्पर्धा मे महिन्याच्या अखेरीस, मेमोरियल डेच्या जोडसुट्टीत, अटलांटा किंवा शिकागोसारख्या शहरातल्या मोठ्या हॉटेलात होते आणि अलीकडच्या वर्षांत तीनशेच्या आसपास संघ तिथे येतात. पात्र ठरण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे त्यांच्या प्रश्नांवर खेळल्या गेलेल्या एखाद्या स्थानिक स्पर्धेत वरच्या १५ टक्क्यांत येणे. एवढ्या संघांना दोन दिवसांत न्याय द्यायचा कसा, याचे त्यांनी काढलेले उत्तर मला टॉसअपइतकेच देखणे वाटते. प्रत्येक संघाला सुरुवातीला एक क्रमांक लिहिलेले कार्ड मिळते. कोणत्या फेरीत कोणत्या क्रमांकाचे कार्ड कोणत्या खोलीत कोणाशी खेळेल, हे आधीच छापलेले असते. सामना संपला की जिंकलेला संघ दोन कार्डांपैकी लहान क्रमांकाचे कार्ड घेतो आणि हरलेल्याला मोठ्या क्रमांकाचे उरते. समजा, ३७ क्रमांकाच्या संघाने १२ क्रमांकाच्या संघाला हरवले, तर पुढच्या फेरीपासून तो १२ क्रमांकाच्या वाटेने चालू लागतो आणि त्या वाटेवरचे तगडे प्रतिस्पर्धीही त्याच्याच वाट्याला येतात. त्यामुळे दिवस चढत जातो तसतशा तुल्यबळ संघांच्या गाठी आपोआप पडू लागतात. मध्येच बसून कोणाला आकडेमोड करावी लागत नाही. दहा सामन्यांत किमान सहा विजय मिळवणारे संघ रविवारी बाद फेरीत जातात, आणि तिथे दोन पराभव झाल्याशिवाय कोणी बाहेर पडत नाही.

पेसचा मार्ग वेगळा आहे. तिथे संघांचे गट पाडून प्रत्येक जण गटातल्या प्रत्येकाशी खेळतो, मग निकालांनुसार नवे गट पडतात आणि तळाचे संघही शेवटच्या दिवसापर्यंत आपल्या तोडीच्या संघांशी खेळत राहतात. विजेता निवडण्याच्या दृष्टीने ही पद्धत अधिक काटेकोर आहे, असे मला वाटते. उत्कंठा मात्र कार्डांच्या स्पर्धेत अधिक असते, हेही मान्य करावे लागेल.

ज्या एका बाबतीत मोठ्या स्पर्धेवर माझा रोष आहे, ती म्हणजे घड्याळ. एनएक्यूटीचा सामना नऊ-नऊ मिनिटांच्या दोन भागांचा असतो आणि पॅकेटात, म्हणजे एका सामन्याच्या प्रश्नसंचात, २४ टॉसअप असतात; त्यांतले किती वाचून होतील, हे वाचकाच्या जिभेवर अवलंबून असते. तयारीचा वाचक स्पष्ट उच्चार राखून झपाझप पुढे जातो, तर नवखा वाचक फ्रेंच चित्रकारांच्या आणि रशियन संगीतकारांच्या नावांशी झटापट करण्यातच वेळ घालवतो. परिणामी शेजारशेजारच्या खोल्यांत, एकाच पॅकेटावर, एका सामन्यात चार-पाच प्रश्न कमी वाचले जाऊ शकतात. सरस संघाला अधिक प्रश्न हवे असतात, कारण प्रश्न जितके जास्त तितका नशिबाचा वाटा कमी. आणि पिछाडीवरचा संघ मिनिट शिल्लक असताना बोनसच्या भागांना पटापट ‘पास’ म्हणून पुढच्या टॉसअपकडे धावतो. हे डावपेच पाहायला गमतीचे असतात, पण त्यांचा केप्लरशी संबंध नाही. पेस घड्याळ न लावता वीस टॉसअप पूर्ण वाचते, आणि वाचक म्हणून मला तिथे हायसे वाटते.

मुले तयारी कशी करतात, यावरूनही वाद आहेत. जुनी पॅकेटे इंटरनेटवर मोफत मिळतात, प्रश्न एकेक शब्द करून दाखवणारी सरावाची संकेतस्थळे आहेत, आणि ‘अँकी’सारख्या ॲपवर प्रश्नोत्तरांची हजारो कार्डे करून घोकणारे खेळाडू प्रत्येक चांगल्या संघात असतात. आक्षेप असा की यातून ज्ञान न वाढता नुसती खुणांची ओळख वाढते: मद्याची पिंपे म्हटले की केप्लर, मग त्या पिंपांचे आणि त्याचे नाते काय, हे ठाऊक नसले तरी चालते. आक्षेपात तथ्य आहे. परंतु घोकलेल्या खुणा स्थानिक पातळीपर्यंतच पुरतात, कारण राष्ट्रीय स्पर्धेचे लेखक पूर्वी वापरल्या गेलेल्या खुणा जाणूनबुजून टाळतात किंवा प्रश्नाच्या खालच्या भागात ढकलतात. एखादी कादंबरी खरोखर वाचलेल्या मुलाला एखाद्या बिनमहत्त्वाच्या वाटणाऱ्या प्रसंगावर बझर दाबता येतो, आणि सारांश पाठ केलेल्याला तो प्रसंग ठाऊकच नसतो. शिवाय माझ्या पाहण्यात असे पुष्कळ जण आहेत, की खूण आधी पाठ झाली आणि तिचा पिच्छा पुरवता पुरवता मूळ पुस्तक मागाहून हाती आले. ज्ञानाकडे जाणारी ही वाट आडवळणाची असेल. पण शाळेतली रूढ वाट तरी कुठे फार सरळ असते?

दुसरा प्रश्न शाळांमधल्या विषमतेचा, आणि त्याला इतके समाधानकारक उत्तर मला सापडलेले नाही. व्हर्जिनियातील थॉमस जेफरसन, न्यूयॉर्कमधील हंटर किंवा डेट्रॉइट कॅथलिक सेंट्रल अशी नावे वरच्या फळीत वारंवार दिसतात. निवड करून प्रवेश देणाऱ्या किंवा प्रशिक्षकांची परंपरा लाभलेल्या या शाळांपुढे एखाद्या गावातली छोटी सार्वजनिक शाळा उभी राहणे अवघड असते. एनएक्यूटी छोट्या शाळांसाठी वेगळी राष्ट्रीय स्पर्धा घेते. तो दिलासा आहे, तोड नव्हे.

प्रश्नांच्या गुप्ततेवर तर सगळाच डोलारा उभा आहे. प्राथमिक फेऱ्यांत सर्व खोल्यांमध्ये एकाच वेळी एकच पॅकेट वाचले जाते आणि फेरी संपेपर्यंत त्याविषयी व्हरांड्यात अवाक्षरही काढायचे नसते. विद्यापीठीय गटात ही शिस्त २०१३ मध्ये उघडी पडली. काही खेळाडू एनएक्यूटीसाठी प्रश्नलेखनही करत असत, आणि त्यांनी संस्थेच्या संकेतस्थळावर प्रश्नांची पहिली चाळीस अक्षरे दाखवणारी पाने उघडली होती, हे सर्व्हरवरील नोंदींतून दिसून आले. त्यांपैकी एका खेळाडूमुळे हार्वर्डची चार विजेतेपदे काढून घेण्यात आली. पिरॅमिडच्या प्रश्नात पहिली चाळीस अक्षरे म्हणजे सर्वांत अवघड खूण, आणि तेवढ्यावरून उत्तराचा सुगावा लागला तर उरलेल्या प्रश्नाला अर्थच राहत नाही. म्हणून एवढी कठोर शिक्षा मला योग्य वाटते.

या प्रश्नांचे महत्त्व खेळाबाहेरच्या लोकांनीही ओळखले आहे. मेरीलँड विद्यापीठातील जॉर्डन बॉइड-ग्रेबर आणि त्यांचे सहकारी कित्येक वर्षे संगणकाला क्विझ बोल खेळायला शिकवत आहेत. त्यांना अशा प्रश्नांत रस असण्याचे कारण हे, की साध्या प्रश्नावरून यंत्राला उत्तर आले की नाही एवढेच कळते. पिरॅमिडच्या प्रश्नावरून मात्र ते किती माहितीनंतर आले आणि आपल्याला येते हे यंत्राला वेळेवर उमगले का, हेही कळते. २०१९ मध्ये या गटाने आणखी एक पाऊल टाकले: प्रश्न लिहिताना संगणक कोणत्या शब्दावरून काय ताडतो आहे, हे लेखकांना पडद्यावर दाखवले आणि त्याला चकवणारे, तरीही माणसाला सुटणारे प्रश्न लिहायला सांगितले. असे बाराशेहून अधिक प्रश्न तयार झाले. दोन-तीन खुणा जोडून अर्थ लावावा लागतो तिथे यंत्र अडखळत होते, तर शब्दांची नुसती ओळख पुरेशी असते तिथे ते कोणत्याही खेळाडूपेक्षा आधी बझर दाबत होते.