हरेन्नाच्या काठावरचा वृक्षबेडूक: बाले पर्वतातील पावसाळी भटकंती

इथिओपियातील बाले पर्वत राष्ट्रीय उद्यानात बहुतेक पर्यटक नोव्हेंबर ते फेब्रुवारी या कोरड्या महिन्यांत इथिओपियन लांडगा पाहायला जातात. आम्हांला मात्र लेप्टोपेलिस रागाझी हा वृक्षबेडूक पाहायचा होता. तो इथिओपियाबाहेर कोठेही आढळत नाही आणि आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघाच्या संकटग्रस्त प्रजातींच्या सूचीत त्याची नोंद 'असुरक्षित' अशी आहे. बेडकासाठी जायचे तर पावसाला पर्याय नाही, हे मनाशी ठरवूनच निघावे.

दिन्शो येथील उद्यान मुख्यालयात शुल्क भरून वाटाड्या सोबत घेतला. गोबाहून पुढे जाणारा रस्ता सुमारे ४००० मीटर उंचीचे सानेट्टी पठार ओलांडून हरेन्नाच्या जंगलात उतरतो. पठार भव्य आहे, पण हा बेडूक तेथे शोधण्यात अर्थ नाही. साधारणपणे २००० ते ३००० मीटर उंचीवरील जंगल, दलदल आणि गवताळ मोकळ्या जागा ही त्याची वस्ती असल्यामुळे मुक्काम रिरा गावाच्या बाजूस करणे श्रेयस्कर.

शोध अंधार पडल्यावर, ओलसर झुडपांच्या कडेने आणि मुख्यतः कानांनी घ्यावा लागतो. नराचा आवाज थांबला की आपणही थांबावे. तो पुन्हा सुरू होईपर्यंत विजेरी फिरवत राहिल्याने काहीच साधत नाही. अखेर पानावर बसलेला बेडूक दिसला, तेव्हा त्याच्या डोळ्यांतील उभी बाहुली स्पष्ट ओळखता आली. या प्रजातीचे भाईबंद पाण्यात नव्हे, तर पाण्याजवळच्या ओल्या मातीत अंडी पुरतात आणि पिल्ले नंतर पाण्यात पोहोचतात. म्हणून ओढ्याचा काठ तुडवू नये, मळलेल्या वाटेवरूनच चालावे. जंगलतोड आणि चराई यांनी हे काठ आधीच झिजले आहेत. त्यात छायाचित्रासाठी आपल्या बुटांची भर नको.

उभयचरांना मारक ठरणारी कायट्रिड बुरशी इथिओपियातही आढळली आहे. बूट चिखल काढून, निर्जंतुक करून पूर्ण वाळवावेत आणि बेडकाला हात लावू नये.

इंधन गोबा किंवा रोबे येथेच भरून घ्यावे. उबदार कपडे आणि पावसाळी अंगरखा, दोन्ही हवेत. चालकाशी वेळ ठरवताना ती कोणत्या घड्याळाची, हे आवर्जून विचारावे: स्थानिक गणनेत दिवसाचे तास सूर्योदयापासून आणि रात्रीचे सूर्यास्तापासून मोजतात, त्यामुळे आपले सायंकाळचे सात म्हणजे तेथील रात्रीचा एक.