पाठीमागून बोलणारा माणूस

गुरुवार, रात्र

कोण कुठून काय बोललं ते रोबोला नीट ऐकू यावं म्हणून आज दिवसभर त्याच्या डोक्यातल्या पंख्याशी भांडत होते. खोलीत चौघं एकदम बोलत असली तरी त्यातून वाट काढता येते, पण रोबोचा स्वतःचाच आवाज? पंखा, मानेची मोटर, गिअरची करकर, आणि हे सगळं माईकपासून चार बोटांवर. बोलणारा मात्र दोन मीटर लांब. त्या बिचाऱ्याने घसा कितीही ताणला तरी ही लढत बरोबरीची नाही.

मुळात आवाजाची दिशा ओळखायचा हिशेबच नाजूक आहे. दोन माईक १७ सेंटीमीटर अंतरावर बसवले, तर ऐन बाजूने आलेला आवाज पलीकडच्या माईकवर साधारण अर्धा मिलिसेकंद उशिरा पोचतो. सेकंदाला आवाजाचे १६,००० नमुने (म्हणजे क्षणाक्षणाची मापं) घेत असलो तर हा उशीर जेमतेम ८ नमुन्यांचा. एवढ्याशा भांडवलावर कोण कुठून बोललं ते ठरवायचं! माणूस समोर असेल तर एका नमुन्याचा फरक म्हणजे दिशेत सातेक अंश, ठीक आहे. पण अगदी कडेला शेवटचा एकच नमुना पंचवीसहून जास्त अंश गिळून बसतो. दोन नमुन्यांच्या मधली किंमत काढायच्या युक्त्या आहेत, त्यांनी बरंच भागतं.

भागत नाही ते पुढच्या-मागच्याचं. समोरून ३० अंशांवर उभा असलेला आणि पाठीमागे तितक्याच कोनात उभा असलेला, दोघांचा उशीर सारखाच. आपण अशा वेळी नकळत डोकं किंचित वळवतो. उशीर वाढला की घटला यावरून मेंदू निकाल लावतो. रोबोनेही तेच करावं, तर मान वळली की मोटर सुरू आणि मोटर सुरू की ऐकणं बंद. कान टवकारले की नेमका बहिरा! जपानी संशोधकांनी २००० च्या सुमारास सिग नावाच्या रोबोत कवचाच्या आतही माईक बसवले होते, फक्त स्वतःच्या मोटरी ऐकायला. ती कल्पना मला अजूनही सगळ्यात प्रामाणिक वाटते.

दुपारी तर आमचा रोबो काचेच्या भिंतीकडे तोंड करून तिलाच उत्तर देत होता. प्रतिध्वनी. दोन माईकमधला उशीर मोजायची नॅप आणि कार्टर यांची १९७६ ची पद्धत आवाजाचा जोर बाजूला ठेवून फक्त लहरींची वेळ जुळवते, त्यामुळे पुष्कळ सावरतं. पण काच जवळ आणि माणूस लांब असला की तीही डगमगते.

आणखी एक गोष्ट खटकते. शांत खोलीत रेकॉर्ड केलेलं बोलणं घ्यायचं, त्यात संगणकावर गोंगाट मिसळायचा, आणि म्हणायचं चाचणी झाली. गोंगाटात माणूस तसा बोलतच नाही. आवाज चढतो, पट्टी वर जाते, स्वर लांबतात. गोंगाटात आवाज आपोआप चढतो हे तर फ्रेंच डॉक्टर लोंबार्ड यांनी १९११ मध्येच दाखवून दिलं होतं.

संध्याकाळी जुनाच वाद झाला. गोंगाट काढणारी गाळणी कडक केली की कानाला आवाज स्वच्छ लागतो, पण शब्द ओळखणारा भाग जास्त चुकतो, कारण गोंगाटाबरोबर व्यंजनांच्या कडाही खरवडल्या जातात. मला वाटतं गाळण्यापेक्षा खूण करावी: हा तुकडा भरवशाचा, हा नाही. ओळखणाऱ्याने खूण केलेल्या तुकड्यावर अंदाज ठोकू नये. 'उद्या … वाजता ये' एवढंच नीट ऐकू आलं असेल, तर रोबोने 'पुन्हा सांगा' न म्हणता 'किती वाजता म्हणालात?' एवढंच विचारावं. सहकाऱ्याचं म्हणणं, लोक वैतागतील. मी म्हटलं, "अरे, चुकीच्या वेळेला हजर झाला तर जास्त वैतागतील." त्याला पटलेलं नाही. उद्या दोन्ही प्रकार लोकांसमोर ठेवून बघायचं ठरलंय, पंखा चालू ठेवूनच.