आधी काळे पट्टे बघा
कारच्या इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून (रिमॅप करून) टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर, वाढवला, नाद खुळा. पण दुसऱ्या गिअरला मागची चाकं पकड सोडून जागीच फिरतात? लगेच रुंद टायर घेऊ नका. रस्त्यावर काळा पट्टा एकच उमटला तर डिफरेन्शियल (दोन्ही चाकांना जोर वाटून देणारा गिअरचा संच) ओपन, म्हणजे साधा आहे: हलकं झालेलं चाक फिरतं, दुसरं नुसतं बघत बसतं. तिथं लिमिटेड स्लिप डिफरेन्शियलच हवा, जो एकाच चाकाला मोकाट फिरू देत नाही. पट्टे दोन असतील तर टायर बघा. टायरच्या बाजूवर (साइडवॉलवर) 2319 असेल तर तो बनला 2019 चा 23 वा आठवडा. ते रबर आता कडक झालंय. मागचा अँटी-रोल बार (वळणावर गाडी कलू न देणारा दांडा) जाड असेल तर पन्हाळ्याच्या वळणांवर आतलं चाक हलकं होतं, तो मऊ करा. टर्बो असेल तर पहिल्या दोन गिअरना बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, कमी ठेवा. पावसाळ्यात तर नक्कीच.