तुम्ही विचारलंत म्हणून: कार्डावरची तारीख

“सिस्टर, सरकारी डॉक्टर सांगतात ते आता खरं मानायचं का?”

हा प्रश्न मला लसीकरणाच्या रांगेत विचारला जातो, लग्नाच्या पंगतीत विचारला जातो, भाजी घेताना शेजारी उभी असलेली ओळखीची बाईही विचारते. मी सोलापूरच्या पूर्वभागातील एका आरोग्य केंद्रात परिचारिका आहे आणि या वस्तीत बरीच वर्षे काम केले आहे. करोनापूर्वी हा प्रश्न मला कुणी विचारल्याचे आठवत नाही. पोलिओच्या रविवारी आया मुलांना कडेवर घेऊन आपणहून बूथवर यायच्या, कारण सिस्टर सांगते म्हणजे सरकार सांगते आणि सरकार सांगते म्हणजे विचारपूर्वकच सांगत असणार, असे त्यांनी धरून ठेवले होते. ते आता उरलेले नाही. रांगेत उभ्या उभ्या याचे उत्तर देता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

१७ मे २०२१, सोमवार. सकाळी केंद्र उघडण्याच्या आधीपासून एक विडी कामगार बाई पायरीवर बसून होती. रेशनकार्डाच्या घडीत जपून ठेवलेले लसीचे कार्ड तिने माझ्यापुढे धरले. ५ एप्रिलला तिला कोविशील्डची पहिली मात्रा मीच दिली होती आणि सहा आठवड्यांचा हिशेब करून पुढची तारीखही मीच निळ्या पेनने घातली होती: १७ मे. मजुरी दर हजार विड्यांमागे मिळते. सकाळचे चार तास गेले की त्या दिवशी हजार भरत नाहीत. ती तेवढे सोडून आली होती. पण चारच दिवस आधी, १३ मे रोजी, केंद्र सरकारने दोन मात्रांमधील अंतर बारा ते सोळा आठवडे केले होते आणि ८४ दिवस पूर्ण झाल्याखेरीज संगणकावर तिची नोंद पुढे जात नव्हती. मी तिला परत जायला सांगितले.

“तारीख तुमच्याच हाताची हाय की, सिस्टर,” ती म्हणाली.

मी ती तारीख खोडली आणि शेजारी २८ जून लिहिले. “का?” असे तिने विचारले, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण वरून आलेल्या निरोपात फक्त नवा आकडा होता. मागे उभ्या असलेल्या एका माणसाने माझ्या वतीने उत्तर दिले: “लस संपली असंल, दुसरं काय.” रांगेतल्या सगळ्यांना ते पटले. २८ जूनला ती आली नाही. नोव्हेंबरमध्ये ‘हर घर दस्तक’ मोहिमेत मी तिच्या दारी गेले, तेव्हा तिने मुकाट्याने दंड पुढे केला, पण माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

त्या माणसाचे म्हणणे पूर्ण खरे नव्हते आणि पूर्ण खोटेही नव्हते. फेब्रुवारी २०२१ मध्येच ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात या लसीच्या चाचण्यांचे आकडे आले होते: दोन मात्रांमध्ये सहा आठवड्यांपेक्षा कमी अंतर असेल तर संरक्षण सुमारे ५५ टक्के, बारा आठवडे किंवा अधिक असेल तर सुमारे ८१ टक्के. म्हणजे अंतर वाढवण्याला शास्त्राचा आधार होता. परंतु निर्णय झाला तो लसीच्या तुटवड्याच्या ऐन दिवसांत, आणि जून महिन्यात सरकारच्याच तांत्रिक सल्लागार गटातील तीन सदस्यांनी वृत्तसंस्थेला सांगितले की, बारा ते सोळा आठवड्यांची शिफारस करण्याइतकी माहिती गटाकडे नव्हती. सरकारने मात्र निर्णय शास्त्रीय आणि एकमताचा असल्याचे सांगितले. मार्च २०२२ मध्ये हेच अंतर पुन्हा आठ ते सोळा आठवडे करण्यात आले. एवढे सगळे वाचून समजून घ्यायला मला स्वतःला पुढे कितीतरी महिने लागले. त्या बाईने ते कुठे वाचायचे होते?

त्याच १७ मे रोजी दिल्लीहून आणखी दोन गोष्टी जाहीर झाल्या. रक्तद्रव उपचार, ज्याला लोक प्लाझ्मा म्हणत, तो उपचारांच्या मार्गदर्शक सूचनांतून काढून टाकण्यात आला. त्याचा उपयोग होत नसल्याचे आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या स्वतःच्या चाचणीत ऑक्टोबर २०२० मध्येच दिसले होते. मधल्या सात महिन्यांत प्लाझ्मासाठी दाता शोधत नातेवाइकांनी किती फोन केले असतील याचा विचार आजही मनाला लागतो. दुसरी गोष्ट अशी की, लसीच्या दुष्परिणामांचा अभ्यास करणाऱ्या राष्ट्रीय समितीने कोविशील्डनंतर रक्ताच्या गुठळ्यांशी संबंधित असू शकणारे २६ रुग्ण आढळल्याचे, म्हणजे दर दहा लाख मात्रांमागे ०.६१ इतके प्रमाण असल्याचे सांगितले. ही माहिती लपवलेली नव्हती, ती प्रसिद्धिपत्रकात होती. पण ती आमच्या केंद्रापर्यंत पोहोचली नाही आणि मी त्या काळात प्रत्येकाला एकच वाक्य सांगत राहिले: “काही होत नाही.” तीन वर्षांनी, एप्रिल २०२४ च्या अखेरीस, कोविशील्ड मुळात जिची लस त्या ॲस्ट्राझेनेका कंपनीने ब्रिटनमधील न्यायालयात हा दुर्मीळ दुष्परिणाम मान्य केल्याची बातमी आली, तेव्हा लोकांनी मला ते वाक्य परत ऐकवले. त्यांचा राग मला रास्त वाटला. लाखो लोकांचा जीव वाचवणारी लस होती, हे मी तेव्हाही मानत होते आणि आजही मानते. परंतु “काही होत नाही” हे खरे नव्हते.

म्हणून, तज्ज्ञांचे मत बदलले यामुळे विश्वास गेला, असे मला वाटत नाही. नवा आजार असेल तर मत बदलणारच, आणि ज्याचे मत पुराव्यानंतरही बदलत नाही त्याच्यावर मी मुळीच विश्वास ठेवणार नाही. विश्वास गेला तो पहिले मत ज्या ठामपणे सांगितले गेले त्यामुळे, आणि ते बदलताना कारण सांगितले गेले नाही त्यामुळे. मार्च २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हा आजार हवेतून पसरत नाही असे ‘वस्तुस्थिती’ म्हणून जाहीर केले होते. “अजून आमच्याकडे पुरावा नाही” असे म्हटले असते तर पुढे माघार घ्यावी लागली नसती. जुलै २०२१ मध्ये राज्यसभेत सांगण्यात आले की, ऑक्सिजनच्या कमतरतेने मृत्यू झाल्याचे राज्यांनी स्वतंत्रपणे कळवलेले नाही. कागदोपत्री ते बरोबर असेल, पण एप्रिलमध्ये रिकामे सिलिंडर गाडीत घालून रात्रभर फिरलेल्या माणसाच्या कानाला ते कसे लागले असेल? मंत्री कोण आणि तज्ज्ञ कोण, हा फरक आमच्या वस्तीत कुणी करत नाही. सगळे मिळून ‘सरकार’, आणि त्या सरकारचा चेहरा म्हणजे मी किंवा आमची आशाताई. कबुली दिल्याने कुणी लहान होत नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या तेव्हाच्या प्रमुख डॉ. रोशेल वालेन्स्की यांनी ऑगस्ट २०२२ मध्ये आपल्या संस्थेच्या चुका जाहीरपणे मान्य केल्या. आपल्याकडे तसे शब्द ऐकण्याची मी अजून वाट पाहते आहे.

याचे परिणाम आता दुसऱ्याच आजारांत दिसतात. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गुलेन बारी सिंड्रोमची, म्हणजे नसांवर आघात होऊन हातपाय लुळे पडणाऱ्या आजाराची, साथ आली आणि तिच्यातील पहिला संशयित मृत्यू सोलापुरात झाला. दुसऱ्या दिवसापासून वस्तीत एकच चर्चा सुरू झाली की हे करोनाच्या लसीमुळे झाले. पूर्वीची मी असते तर “छे, अफवा आहे” म्हणून मोकळी झाले असते. या वेळी मी सांगितले की, हा आजार लसीनंतर अत्यंत क्वचित होऊ शकतो, हे खरे आहे; परंतु लस राज्यभर दिली गेली आणि तीही तीन-चार वर्षांपूर्वी, रुग्ण मात्र आत्ता आणि मुख्यतः सिंहगड रस्त्याच्या परिसरात सापडत आहेत, तेव्हा संशय पाण्यावर जातो, आणि तपासण्यांत जंतूही दूषित पाण्यातून पसरणारेच सापडले आहेत. काहींना पटले. एका आजीने सांगितले की, तुम्हाला असेच सांगायचा हुकूम असेल.

तर, मानायचं का? माझे उत्तर असे आहे की माना, पण कारण विचारून माना. आणि जो “एवढे नक्की माहीत आहे, एवढे अजून माहीत नाही” असे सांगतो त्याचे आधी ऐका. मी स्वतः आता गोवराच्या लसीआधीही आईला बसवून सांगते की ताप येऊ शकतो, अंगावर पुरळ उठू शकते आणि फारच क्वचित ॲलर्जीचा त्रास होतो, म्हणून अर्धा तास इथेच थांबा. हे ऐकून एक आई बाळाला घेऊन उठून गेली आणि परत आलीच नाही. त्याची बोचणी मला आहे, कारण २०२२ मध्ये मुंबईतल्या गोवंडीत गोवराने मुले दगावलेली आपण पाहिली आहेत. तरी “काही होत नाही” हे वाक्य मी पुन्हा उच्चारणार नाही.

गेल्या महिन्यात नऊ महिन्यांच्या मुलीला घेऊन एक तरुण आई आली. मुलगी सोळा महिन्यांची झाल्यावर द्यायच्या गोवराच्या दुसऱ्या मात्रेची तारीख मी कार्डावर घातली, तेव्हा तिने विचारले, “हीच तारीख राहणार ना?” मी म्हणाले, आज जे माहीत आहे त्याप्रमाणे हीच, बदलली तर का बदलली ते मी तुमच्या घरी येऊन सांगेन. तिने कार्ड परत माझ्यापुढे सरकवले. “मग खाली तुमचा नंबर पण लिहा.”

मी लिहिला.