मी कोड का दिला

बुधवार, ११ जून. रात्रीचे पावणेबारा.

नेट आलं. संध्याकाळी साडेसातला. आता खरंतर झोपायला हवं, सकाळी आईला उपाशीपोटी रक्त द्यायला न्यायचंय, पण डोक्यातून तो एकच प्रश्न जात नाहीये की सोमवारी नेट दुरुस्तीला आलेल्या त्या मुलाला मी कोड का दिला.

म्हणजे बघा, शुक्रवारी रात्री नेटच्या बॉक्सवरचा लाल दिवा लुकलुकायला लागला, एलओएस लिहिलेला. तो लाल झाला की बाहेरून सिग्नलच येत नाहीये, घरात तुम्ही काहीही करा, उलटं टांगून घ्या, उपयोग नाही. हे मला माहिती आहे. तरी शनिवारी फोन लावला, मराठीसाठी तीन दाबा म्हणाले म्हणून तीन दाबलं, आणि पलीकडून 'आपको हुई असुविधा के लिए खेद है'. तीन कशासाठी दाबायला लावतात ते एकदा विचारायचंय कोणालातरी. मग तो म्हणाला राउटर बंद करून तीस सेकंद थांबा आणि परत चालू करा. मी पलंगावर बसल्या बसल्या 'हो केलं' म्हटलं. केलं नव्हतं. शुक्रवारपासून अकरा वेळा केलं होतं, बारावी वेळ मी तोंडी केली. तो म्हणाला, 'मॅम, अभी कौन सी लाइट दिख रही है?' लालच दिखनार ना बाबा.

चोवीस तासांत माणूस येईल. माणूस सोमवारी आला.

तोपर्यंत माझं सगळं काम गॅलरीत. मोबाईलला घरात रेंज नाही, गॅलरीच्या उजव्या कोपऱ्यात कुंडीशेजारी दोन कांड्या येतात, तिथे प्लास्टिकच्या खुर्चीवर लॅपटॉप मांडीवर, बाजूला छत्री कारण पावसाचा तिरका शिंतोडा येतो. ११ तारीख म्हणजे जीएसटीआर-१ ची, म्हणजे महिन्याच्या विक्रीच्या रिटर्नची, शेवटची तारीख, मी रिटर्न भरते असे नऊ दुकानदार आहेत आणि त्यातले सहा जण बिलं दहा तारखेला पाठवतात. दिवसाचा दीड जीबी दुपारी दोनला संपतो. पोर्टल मधेच लॉगआउट करतं, मग ओटीपी, तो यायला रेंज हवी, रेंजसाठी उभं राहायचं, उभं राहिलं की लॅपटॉप कुठे ठेवायचा. रविवारी मी अक्षरशः रडले, कुंडीतल्या तुळशीसमोर. कोणाला सांगणार. लोकांना वाटतं घरून काम म्हणजे मजा.

तर सोमवार. मुलगा आला, बावीस-तेवीसचा असेल, रेनकोटमधून पाणी गळतंय, दारातच उभा. मी सवयीने 'या दादा' म्हटलं. पुण्यात आपण सगळ्यांनाच दादा म्हणतो, रिक्षावाला, भाजीवाला, दादा म्हणावं असा जो खरा आहे तो सोडून. त्याने वायर काढून छोट्या मीटरला लावली आणि म्हणाला, 'मॅडम, पॉवरच येत नाहीये.' आतून आई म्हणाली, 'अरे पंखा चालू आहे की!' तो हसला. त्यांच्या भाषेत पॉवर म्हणजे वायरीतून येणारा उजेड. मायनसमध्ये मोजतात, मायनस वीस-बावीस चांगलं, सत्तावीसच्या खाली गेलं की बॉक्स मान टाकतो. आमचं मायनस चाळीस. म्हणजे अंधार.

मग तो म्हणाला पुढे लाईन तुटलीये, जोडायचं मशीन आत्ता दुसऱ्या एरियात आहे, मशीन आलं की येतो. आणि मग, जरा खालच्या आवाजात, 'मॅडम तेवढा हॅपी कोड द्या ना. ही कंप्लेंट बंद करतो, लगेच दुसरी टाकतो. वेळ उलटून गेलीये, माझे पैसे कापतात.'

हॅपी कोड, म्हणजे काम झालं, कस्टमर खूश, असं कंपनीला कळवणारे चार आकडे. नाव ज्याने ठेवलं त्याला एकदा गॅलरीत बसवा.

आता हा कोड येतो रजिस्टर्ड नंबरवर. रजिस्टर्ड नंबर दादाचा. कनेक्शन त्याने घेतलेलं, बंगळुरूला जायच्या आधी, तेव्हा सगळं त्याच्याच नंबरवर असायचं आणि त्यात काही वावगं वाटायचं नाही. दिवाळीनंतर आमचं बोलणं म्हणजे आईच्या फोनवरून आईशी. मी त्याला मेसेज टाकला, 'नेटवाल्यांचा कोड आला असेल तर पाठव.' त्याच्या वरच शेवटचा मेसेज दिसत होता, नोव्हेंबरचा, माझा, बराच लांब. तो मी परत वाचला नाही. दोन मिनिटांत चार आकडे आले. नुसते चार आकडे, बाकी काही नाही. आणि मी ते त्या मुलाला वाचून दाखवले.

संध्याकाळी सहापर्यंत दुसरी तक्रार काही नोंदवलेली नाही. मंगळवारी फोन केला तर यावेळी बाई होत्या, मराठी बोलणाऱ्या, गोड आवाज. म्हणाल्या, 'मॅडम, तुमची तक्रार काल दुपारी १२ वाजून ४० मिनिटांनी सोडवलेली दिसतेय.' मी म्हटलं अहो दिवा लाल आहे. त्या म्हणाल्या, 'पण कस्टमरने कन्फर्म केलंय मॅडम.'

हे जे वाक्य आहे ना. नेट सहा दिवस नसणं एक वेळ चालेल, पण माझ्याच तोंडाने, माझ्याच हाताने मी सही करून दिली की सगळं ठीक आहे, मी हॅपी आहे, आणि दिवा समोर लाल. बाईंचं काय चुकलं, त्यांच्या स्क्रीनवर मी हॅपीच होते. मी म्हटलं ट्रायकडे जाईन, म्हणजे या फोन-नेट कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे. खरंतर ट्राय एकेकट्याची तक्रार घेत नाही, कंपनीच्याच अपिलेट अथॉरिटीकडे अपील करायचं असतं आणि त्याचा निकाल द्यायला त्यांना ३९ दिवसांची मुदत असते, हे मला माहिती होतं आणि बहुतेक त्यांनाही. त्या म्हणाल्या, 'नक्की मॅडम. आणखी काही मदत करू शकते का?' मी 'नाही, थँक्यू' म्हटलं. थँक्यू! नवीन नंबर मिळाला तक्रारीचा, तो गॅलरीतल्या भिंतीवर पेन्सिलने लिहिला, कागद आत होता.

काल रात्रभर तेच. का दिला कोड. एक, तो भिजलेला होता. दोन, मला समोरच्याला नाही म्हणता येत नाही, ते सगळ्यांनाच माहिती आहे, त्याचा फायदा कोणी कोणी घेतलाय त्यात आत्ता जात नाही. तीन आहे, पण ते राहू दे.

पूर्वी बरं होतं असं म्हणणार होते पण तेही खोटंच. २००६ साली आमच्याकडे बीएसएनएलचं डेटावन आलं, २५६ केबीपीएस, आणि त्याला तेव्हा ब्रॉडबँड म्हणायचे. (आता २ एमबीपीएसच्या खालच्याला सरकार ब्रॉडबँड म्हणत नाही.) दादाने भांडून होम ५०० प्लान घ्यायला लावला कारण त्यात रात्री दोन ते सकाळी आठ अनलिमिटेड होतं. तो दोनचा गजर लावून उठायचा, डाउनलोड लावायचा आणि आठच्या आत मला उठून बंद करायला सांगायचा. एकदा मी झोपून राहिले, बिल आलं चौपट, आणि बाबांना त्याने सांगितलं की त्याच्याच हातून राहिलं. कुठे गेले मी. जाऊ दे.

आज सव्वासहाला तोच मुलगा आला, मशीन घेऊन. मी दारातच म्हटलं, 'कोड शेवटी मिळेल.' तो म्हणाला, 'हो ताई, शेवटीच.' सोमवारची मॅडम आज ताई झाले, तेवढ्यावर मी अर्धी विरघळले, हाच माझा प्रॉब्लेम आहे.

त्याने आमच्या टोकाला लाल लेझरचं पेन लावलं आणि उजेड कुठे फुटतो बघत जिना उतरायला लागला. मीही मागे. आणि फुटला कुठे, तर आमच्या दारापासून बारा पायऱ्या खाली, जिन्यातल्या पेटीत. वायर पेटीच्या झाकणात चिमटलेली, त्या जागी लाल ठिपका, कुंकवाएवढा. शुक्रवारी दुसऱ्या मजल्यावर कोणाचं तरी नवीन कनेक्शन झालं, त्या लोकांनी झाकण दाबून लावलं असणार. 'लाईन पुढे तुटलीये' म्हणजे बारा पायऱ्या पुढे. मी काही बोलले नाही. तोही बोलला नाही. सोमवारी पेटीला कुलूप होतं आणि किल्ली गावाला गेलेल्या सेक्रेटरींकडे, हे त्याने नंतर सांगितलं, आणि ते खरं होतं.

मग तो पायरीवरच बसला. वायर सोलली, आत केसासारखी काच, ती स्पिरिटने पुसली, टोक कापलं, दोन्ही टोकं मशीनमध्ये ठेवून झाकण लावलं. छोट्या स्क्रीनवर ती दोन टोकं समोरासमोर, ओंडक्याएवढी मोठी दिसत होती. मशीन आपलं आपण त्यांना वर-खाली करून एका रेषेत आणत होतं. मग बारीकशी ठिणगी आणि दोन्हींची एक. मधे जोड दिसतच नाही. 'उजेड जातो तो भाग याच्याही आत, नऊ मायक्रॉन,' तो म्हणाला, म्हणजे मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले नऊ. मी मोबाईलची बॅटरी धरून उभी होते आणि सहा दिवसांचा सगळा राग कुठे ठेवला तेच आठवेना.

घरी येऊन मीटर लावला. मायनस एकवीस. दिवा हिरवा.

आता कोड. दादाला मेसेज. चार आकडे आले, मुलाने टाकले, चुकीचा दाखवला. त्याने बहुतेक सोमवारचाच परत पाठवला होता. मी 'हा नाही, नवीन' लिहीत होते तेवढ्यात फोनच आला. मी स्पीकरवर टाकला, मुलाला ऐकू जावं म्हणून. दादा म्हणाला, 'लिही. सात. शून्य. सात. चार.' मुलाने टाकले. 'लागला?' 'हो.' 'चालू झालं ना पण? आधी बघ, मग सांग त्याला.' 'झालं, बघितलं.' 'बरं.' मागे कुकरची शिट्टी झाली त्याच्याकडे. 'बरं चल.'

मुलगा जाताना म्हणाला, ताई नंबर बदलून घ्या, दुकानात आधार कार्ड घेऊन गेलं की होतं, सारखं भाऊंना त्रास नको. मी म्हटलं हो, घेते बदलून. उद्या गुरुवार, आमच्याकडे लाईट जायची शक्यता, त्यांच्याकडेही जात असेल, बघू पुढच्या आठवड्यात.

रिटर्न भरले, नऊच्या नऊ. साडेदहाला दादाचा स्क्रीनशॉट आला, त्या लोकांनी रेटिंग मागितलंय, तेही त्याच्याच नंबरवर. पाच स्टार दिलेत त्याने. सहा दिवस गॅलरीत मी बसले, छत्री मी धरली, आणि पाच स्टार देतोय बंगळुरूहून हा!

आईने जेवताना विचारलं, मघाशी कोणाचा फोन होता. म्हटलं, नेटवाल्यांचा. ती म्हणाली, 'हल्ली बरं बोलतात हो नेटवाले,' आणि ताटातली मिरची बाजूला काढून ठेवली.