आगाखान पॅलेसचा घरमालक

मी पुण्यात गाईडचं काम करते आणि आगाखान पॅलेसची टूर तर आता झोपेत पण सांगेन. ऑगस्ट 1942 मध्ये गांधीजी, कस्तुरबा, गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई, सरोजिनी नायडू यांना इथे कैदेत आणून ठेवलं, आठवडाही झाला नव्हता तोवर 15 ऑगस्टला महादेवभाई गेले, 22 फेब्रुवारी 1944 ला बा गेल्या, मे मध्ये बापू सुटले, मागे समाध्या आहेत तिथे चप्पल काढा, चला बसमध्ये.

मागच्या पावसाळ्यात एका ज्येष्ठ नागरिक संघाचा ग्रुप होता. सगळे खोलीच्या दारात गर्दी करून आत बघतायत आणि एक काका मात्र व्हरांड्यातच, छताकडे आणि कमानींकडे बघत उभे. मला वाटलं गुडघे दुखतायत, खुर्ची देऊ का विचारायला गेले तर म्हणाले, "मॅडम, भाडेकरूंचं सगळं सांगितलंत, घरमालकाचं कधी?"

खरं सांगू, इतका आनंद झाला ना! पॅलेसचं नाव सगळ्यांना पाठ, पण हा आगाखान कोण हे कुणी म्हणजे कुणी विचारत नाही. एकदा एका शाळेच्या पोराने विचारलं होतं, पण त्याला शाहरुखचा कोण लागतो ते हवं होतं.

काका खोजा, म्हणजे आगाखानांना आपले इमाम, धर्मगुरू मानणाऱ्या समाजातले, कॅम्पात राहणारे, मराठी अगदी आपल्यासारखं. आजोळ कराचीचं. स्वतः कधी गेले नाहीत, पण आई सांगायची म्हणे, की आमचे इमाम तिथे हनिमून लॉजमध्ये जन्मले, 2 नोव्हेंबर 1877 ला. झालं, लॉज म्हटल्यावर मागून एक आज्जी फिस्सकन हसल्या, "अगं बाई, हनिमून लॉजमध्ये बाळंतपण?" त्यावर काका सगळ्यात जास्त हसले.

मग मी पण सुरू झाले. तिसरे आगाखान, सर सुलतान महंमद शाह. वडील 1885 मध्ये वारले ते पण आपल्या पुण्यातच, तेव्हा या पोराला आठ पूर्ण नव्हती आणि तो निजारी इस्माइलींचा, म्हणजे शिया मुस्लिमांमधल्या एका पंथाचा, इमाम झाला, कारभार बराचसा आई बघायची. आता गंमत बघा, पॅलेस 1892 चा. म्हणजे घरमालक तेव्हा चौदा-पंधराचा, आपल्याकडे त्या वयात दहावीचे क्लास लावतात! हे सांगितलं आणि सगळे आज्जी-आजोबा पुन्हा एकदा वर कमानींकडे बघायला लागले.

पुढे मात्र जरा तापलं. 1906 मध्ये मुस्लिम लीग निघाली तिचे पहिले अध्यक्ष हेच, असं मी म्हटलं तर एक आजोबा फटकन म्हणाले, "मग कशाला त्याचं कौतुक?" कौतुक कुणी केलं होतं? पण मी काही बोलायच्या आत काकाच शांतपणे म्हणाले, "साहेब, कौतुक नका करू, पण घर तर त्यांचंच ना." आजोबा गप्प. मला विचाराल तर माणूस आवडो न आवडो, ज्याच्या छताखाली उभे आहोत त्याची माहिती तरी हवी ना, आणि माणूस काही साधा नव्हता. 1937 मध्ये जिनिव्हाच्या राष्ट्रसंघाचा, म्हणजे लीग ऑफ नेशन्सचा अध्यक्ष, इंग्लंडची डर्बी शर्यत जिंकणारे घोडे पाळायचा, एकदा-दोनदा नाही, पाच वेळा जिंकली. 1931 च्या गोलमेज परिषदेला लंडनमध्ये गांधीजी आणि हे दोघेही होते, आणि अकरा वर्षांनी एक स्वित्झर्लंडमध्ये आणि दुसरा त्याच्याच येरवड्याच्या घरात कैदी! नंतर 1957 मध्ये आगाखान स्वित्झर्लंडमध्येच वारले, पुरलं इजिप्तला, आस्वानमध्ये. म्हणजे कराची, पुणे, जिनिव्हा, आस्वान, कुठून कुठे.

आणि पॅलेस? तो नातवाने, चौथ्या आगाखानांनी, 1969 मध्ये देशाला देऊन टाकला. हे ऐकून तेच मघाचे आजोबा म्हणाले, "एवढी जागा? नगर रोडला? आज काय भाव झाला असता!" पुणेकर शेवटी.

तेव्हापासून मी टूर पोर्चमधूनच सुरू करते, कराचीपासून. वेळ जास्त जातो, बसचे ड्रायव्हर कावतात, आणि शाळांचे सर लोक घड्याळ दाखवतात, दाखवू देत.